अंबाझरी नेमकं कुठे? एका हडूप क्लस्टरमधला नावांचा घोळ

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, नवतपा सुरू झालेला. हिंगणा रोडकडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या लॅबमधून फोन आला. शेवटच्या वर्षाचे दोन मुलगे आणि दोन मुली हडूपचं क्लस्टर उभारत होते, म्हणजे मोठा डेटा वाटून ठेवणाऱ्या हडूप या प्रणालीसाठी एकत्र काम करणारा यंत्रांचा गट, आणि तोंडी परीक्षा आठवड्यावर आली होती. मुलगा म्हणाला, "सर, सगळं सुरू तं होऊन राहिलं, पण लाइव्ह नोड एकच दिसते. पिंग चारही मशीनले होते. मग काहून नाही जुळून राहिलं?"

यंत्र पिंगच्या हाकेला उत्तर देतं, मग जोडलं का जात नाही, हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की उत्तर फोनवरच देता आलं असतं. दिलं नाही. एका ओळीची दुरुस्ती सांगितली असती तर तीन यंत्रांपैकी एकच जोडलं गेलं असतं आणि उरलेल्या दोनसाठी पुन्हा फोन आला असता. या चौघांच्या क्लस्टरमध्ये नावाच्या चुका एक नव्हत्या, अनेक होत्या. प्रत्येकीचा आवाज वेगळा होता आणि एक चूक दुसरीला झाकत होती. म्हणून हे प्रकरण पूर्ण लिहितोय.

मांडणी

लॅबमधली चार जुनी डेस्कटॉप यंत्रं. प्रत्येकावर उबुंटू २२.०४ (लिनक्सचा एक प्रकार) आणि हडूप ३.३. एका स्विचवर जोडलेली, कायमचे आयपी पत्ते दिलेले: १९२.१६८.१०.२१ पासून २४ पर्यंत. प्रकल्प कळमन्याच्या बाजारातल्या संत्र्यांच्या भावांचा होता, आंबिया आणि मृग बहाराच्या काळात भाव कसे हलतात ते पाहायचं. एवढ्या डेटाला हडूप लागत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. शिकायचं होतं म्हणून घेतलं होतं, आणि मला ते कारण पुरेसं वाटतं.

यंत्रांना नावं नागपूरच्या तलावांची दिली होती. अंबाझरी मुख्य, तिथे नेमनोड, म्हणजे कुठला डेटा कुठे आहे याची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम. फुटाळा, गोरेवाडा आणि सोनेगाव हे कामकरी, तिथे डेटानोड, म्हणजे प्रत्यक्ष डेटा साठवणारा प्रोग्रॅम. अंबाझरीवरही एक डेटानोड ठेवला होता. म्हणजे सगळं नीट असतं तर चार लाइव्ह नोड, म्हणजे नेमनोडशी जोडलेले चार डेटानोड, दिसायला हवे होते.

नावं ऐकून बरं वाटलं. पण ती रोमन लिपीत लिहायची होती आणि चार जणांनी चार यंत्रांवर लिहिली होती. 'झ' कुणी झेड वापरून लिहितं, कुणी जे-एच वापरून. फुटाळ्याची सुरुवात कुणी एफनं करतं, कुणी पी-एचनं. आपल्या गावाच्या पाट्यांवरसुद्धा हे दिसतं, माणूस वाचून घेतो. यंत्राला मात्र एक अक्षर बदललं की ते दुसरंच नाव.

मी पोचण्याआधी

मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. लॅबमध्ये कुलरचा आवाज एवढा की बोलायला एकमेकांच्या जवळ बसावं लागत होतं. आधी मी कीबोर्डला हात लावला नाही, फक्त विचारलं: आतापर्यंत काय काय केलं?

पहिल्या दिवशी क्लस्टर सुरू करणारी स्क्रिप्ट चालवली तेव्हा चारपैकी तीन यंत्रांच्या नावानं तक्रार आली की होस्टनेमचा, म्हणजे यंत्राच्या नावाचा, पत्ता लागत नाही. चौथं, सोनेगाव, तेवढं सुरू झालं. विचित्र म्हणजे त्या तक्रारीच्या ओळीत सुरुवातीला यंत्राचं नाव दिसायला हवं तिथे नुसता कोलन होता. नाव गायब. मुलांनी तासभर होस्ट्स फाइल, म्हणजे कुठल्या नावाचा पत्ता कुठला याची यंत्रावरची यादी, तपासली, तिच्यात नावं दिसत होती.

इथे दोष होस्ट्स फाइलचा नव्हता. वर्कर्स नावाची जी यादी स्क्रिप्ट वाचते ती एकानं घरी विंडोजच्या लॅपटॉपवर, नोटपॅडमध्ये लिहून पेनड्राइव्हवरून आणली होती. विंडोज ओळीच्या शेवटी दोन चिन्हं ठेवतं, लिनक्स एकच. जास्तीचं चिन्ह, ज्याला कॅरेज रिटर्न म्हणतात, नावाला चिकटून राहिलं. स्क्रिप्ट 'फुटाळा' शोधत नव्हती, 'फुटाळा आणि एक न दिसणारं अक्षर' शोधत होती. पडद्यावर ते चिन्ह आलं की कर्सर ओळीच्या सुरुवातीला परत जातो आणि पुढचा मजकूर नावावर छापला जातो. नाव गायब व्हायचं कारण हेच. सोनेगाव यादीत शेवटचं होतं आणि त्यानंतर एंटर दाबलेलं नव्हतं, म्हणून ते सुटलं.

हे त्यांनी आपलं आपणच शोधलं होतं. एकीनं फाइल कॅट कमांडला कॅपिटल ए देऊन उघडली आणि ओळींच्या टोकाला टोपीचं चिन्ह आणि एम दिसलं. मला तिचं कौतुक वाटलं, तिला ते सांगितलंही. जी गोष्ट डोळ्याला दिसत नाही ती दाखवणारी कमांड शोधणं ही या कामातली अर्धी लढाई असते.

त्यानंतरचं मात्र अंदाजपंचे झालं होतं. स्क्रिप्ट आता काहीही तक्रार न करता संपायची. प्रत्येक यंत्रावर चालू प्रोग्रॅम दाखवणारी जेपीएस कमांड चालवली की डेटानोड जिवंत दिसायचा, पण नेमनोडच्या पानावर लाइव्ह नोड एकच, अंबाझरीचा स्वतःचा. मग त्यांनी फायरवॉल बंद केली, पोर्ट (प्रोग्रॅमपर्यंत जाणारं क्रमांकाचं दार) बदलून पाहिला, आणि शेवटी नेमनोड फॉरमॅट केला, म्हणजे त्याची नोंदवही कोरी केली, तीनदा. फॉरमॅट केल्यावर नेमनोडला नवा क्लस्टर आयडी मिळतो, अंबाझरीवरच्या डेटानोडकडे जुनाच राहतो, आणि तो डेटानोड दोन्ही आयडी जुळत नाहीत म्हणून बंद पडतो. त्यांनी दर वेळी डेटानोडचं फोल्डर पुसून ते 'सुधारलं'. आत डेटा नव्हता म्हणून निभावलं. खरा डेटा असता तर नावाच्या एका चुकीपायी तो सगळा गेला असता. नोड जोडला जात नाही म्हणून नेमनोड फॉरमॅट करू नका. जोडणीचा आणि फॉरमॅटचा काही संबंध नाही.

जो चालतोय त्याच्याकडे पाहा

मुलांनी मला न चालणाऱ्या तीन यंत्रांकडे नेलं. मी अंबाझरीपासून सुरुवात करू म्हटलं. "सर, तेच तर एक नीट आहे," लॅबमधल्या मॅडम म्हणाल्या.

अंबाझरीवर एचडीएफएसचा, म्हणजे हडूपच्या फाइल साठवणुकीचा, डीएफएसअ‍ॅडमिन रिपोर्ट काढला. एक लाइव्ह नोड. त्याच्या नावासमोर पत्ता: १२७.०.०.१, पोर्ट ९८६६. ही ओळ दोन दिवस त्यांच्या डोळ्यांसमोर होती. अंबाझरीचा पत्ता १९२.१६८.१०.२१ आहे, मग नेमनोडला आपला शेजारी डेटानोड १२७.०.०.१ वर का दिसतो? १२७ नं सुरू होणारे सगळे पत्ते लूपबॅकचे, म्हणजे यंत्रानं स्वतःशी बोलण्याचे. ते केबलवर कधी उतरतच नाहीत. याचा अर्थ तो डेटानोड नेमनोडशी आतल्या आत बोलत होता. जे यंत्र ठणठणीत वाटत होतं, आजार त्याच्याच पोटात होता.

मग नेमनोड ऐकतोय कुठे ते एसएस कमांडनं पाहिलं. पोर्ट ९००० समोर पत्ता १२७.०.१.१.

प्रकरण इथे अर्धं उलगडलं. त्या मुलाच्या प्रश्नाचं, पिंग होतं तर जोडलं का जात नाही याचं, उत्तरही याच ओळीत होतं. मी त्यांना महालातल्या जुन्या वाड्याचं उदाहरण दिलं. फुटाळ्याकडे वाड्याचा पत्ता बरोबर आहे. तो रस्त्यावरून येतो, वाडा दिसतो, हाक मारली की 'हो, हाच वाडा' असं उत्तर मिळतं. हे पिंग. पण ज्याला भेटायचं तो माजघरात बसलाय आणि माजघराचं दार फक्त आतून येणाऱ्यांसाठी उघडं आहे. दिंडी दरवाज्यावर त्याच्या वतीनं कुणीच नाही. म्हणून फुटाळ्याला तिथल्या तिथे नकार मिळतो. अंबाझरीवरचा डेटानोड घरातलाच, तो सरळ माजघरात जातो आणि त्याचं काम होतं.

फुटाळ्याच्या लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या रोजनिशीत, नेमकं हेच लिहिलं होतं: अंबाझरी, त्यापुढे १९२.१६८.१०.२१, पोर्ट ९०००, पुन्हा प्रयत्न करतोय, शून्य वेळा झाला, एकदा झाला, दोनदा झाला. हडूपचा लॉग नावासोबत त्या नावाचा मिळालेला पत्ताही छापतो, ही त्याची मोठी सोय आहे. फुटाळ्याला नाव कळलं होतं, पत्ताही बरोबर मिळाला होता. दोष फुटाळ्यात नव्हता.

१२७.०.१.१ आला कुठून

अंबाझरीवरच्या ईटीसी फोल्डरमधली होस्ट्स फाइल उघडली. दुसरी ओळ: १२७.०.१.१, अंबाझरी. त्याखाली मुलांनी लिहिलेल्या ओळी, त्यात १९२.१६८.१०.२१ अंबाझरी हीसुद्धा. एका नावाला दोन पत्ते, आणि वरचा आधी.

ती ओळ मुलांनी लिहिली नव्हती. डेबियन आणि त्यावरून बनलेलं उबुंटू बसवताना इन्स्टॉलरच ती लिहितो. हेतू चांगला आहे. घरच्या लॅपटॉपला कायमचा पत्ता नसतो, आज एक तर उद्या दुसरा, आणि काही प्रोग्रॅमना स्वतःच्या होस्टनेमचा काही ना काही पत्ता मिळाला नाही तर ते अडतात. म्हणून यंत्राच्या नावाला लूपबॅकमधला एक पत्ता देऊन ठेवतात. यंत्राला कायमचा पत्ता असेल तर १२७.०.१.१ च्या जागी तोच लिहावा, असं डेबियनच्या संदर्भपुस्तिकेत स्पष्ट आहे. एकट्या यंत्रासाठी ती ओळ निरुपद्रवी आहे. ज्या यंत्राला आपल्या नावानं इतरांना बोलवायचंय, त्याच्यासाठी ती घातक.

कारण नेमनोड सुरू होताना हडूपच्या कोअर-साइट या सेटिंगच्या फाइलमधलं नाव वाचतो, इथे अंबाझरी आणि पोर्ट ९०००. ते नाव तो आपल्याच यंत्राला विचारतो: अंबाझरी म्हणजे कोण? यंत्र म्हणतं, १२७.०.१.१, म्हणजे मीच. नेमनोड त्या पत्त्यावर बसतो आणि निमूटपणे सुरू होतो. लॉगमध्ये लाल काही नाही. चूक नेमनोडच्या बाजूला, आरडाओरडा दुसऱ्या यंत्रांवर. म्हणूनच लोक चुकीच्या ठिकाणी शोधत बसतात.

मॅडमनी विचारलं, नेमनोडला सगळ्या पत्त्यांवर ऐकायला सांगणारी एक सेटिंग आहे ना, आरपीसी बाइंड होस्ट, तिथे ०.०.०.० टाकलं तर? टाकता येतं आणि फुटाळा जोडलाही जाईल. ज्या यंत्राला दोन नेटवर्क कार्ड आहेत तिथे ती सेटिंग योग्यच आहे. पण इथे अंबाझरीचं स्वतःविषयीचं उत्तर चुकीचंच राहिलं असतं. तिथला डेटानोड १२७.०.०.१ म्हणूनच नोंदला गेला असता, आणि बाहेरच्या क्लायंटला, म्हणजे डेटा मागणाऱ्या यंत्राला, नेमनोडनं सांगितलं असतं, तुझा ब्लॉक (फाइलचा तुकडा) १२७.०.०.१ वर आहे. क्लायंट आपल्याच पोटात ब्लॉक शोधत बसला असता. पुढे रिसोर्स मॅनेजर, म्हणजे हडूपच्या यार्न या कामं वाटणाऱ्या भागाचा मुख्य प्रोग्रॅम, चालवायचा तर तोच प्रश्न नव्यानं. नाव दुरुस्त करणं शक्य असेल तर आधी नावच दुरुस्त करावं, असं माझं मत आहे.

सोळा प्रश्न

ओळ लगेच पुसली नाही. आधी फळ्यावर चार गुणिले चारचं कोष्टक काढायला लावलं. प्रत्येक यंत्रावर बसून चारही नावं विचारायची आणि मिळालेलं पहिलं उत्तर लिहायचं. चार यंत्रं, चार नावं, सोळा प्रश्न.

विचारायचं कशानं यावर थोडा वाद झाला. एक मुलगा एनएसलुकअप वापरत होता. ते साधन थेट डीएनएस सर्व्हरला, म्हणजे नावांचे पत्ते सांगणाऱ्या यंत्रणेला, विचारतं. उबुंटूवर तो सर्व्हर बहुतेकदा त्याच यंत्रातला १२७.०.०.५३ वरचा मध्यस्थ असतो आणि तो होस्ट्स फाइलही पाहतो. दुसऱ्या लिनक्सवर असा मध्यस्थ नसला तर हेच साधन होस्ट्स फाइलकडे ढुंकूनही पाहणार नाही. म्हणजे एकाच फाइलवर दोन ठिकाणी दोन उत्तरं. हडूप ज्यावर चालतं ती जावा आणि दुसऱ्या यंत्रात शिरण्यासाठीचं एसएसएच मात्र यंत्राच्या नेहमीच्या मार्गानं जातात: एनएसस्विच फाइलमध्ये जो क्रम लिहिलाय त्या क्रमानं, सहसा आधी होस्ट्स फाइल, मग डीएनएस. त्या मार्गानं विचारणारी कमांड गेटएंट. प्रोग्रॅम ज्या दारानं जातो त्याच दारानं आपण जायचं.

गेटएंटनं भरलेलं कोष्टक असं झालं. 'ठीक' म्हणजे खरा १९२ चा पत्ता मिळाला.

| विचारणारं यंत्र | अंबाझरी | फुटाळा | गोरेवाडा | सोनेगाव |
|---|---|---|---|---|
| अंबाझरी | १२७.०.१.१ | ठीक | ठीक | उत्तर नाही |
| फुटाळा | ठीक | १२७.०.१.१ | ठीक | ठीक |
| गोरेवाडा | उत्तर नाही | ठीक | १२७.०.१.१ | ठीक |
| सोनेगाव | ठीक | उत्तर नाही | ठीक | १२७.०.१.१ |

सोळापैकी सात घरं चुकलेली. पिंग करून 'चारही होतात' म्हणणाऱ्या मुलानं प्रत्यक्षात फुटाळ्यावर बसून पिंग केलं होतं. त्या ओळीत स्वतःच्या घराखेरीज सगळं ठीकच आहे, आणि स्वतःला केलेलं पिंग १२७.०.१.१ वरही होतंच. तो खोटं बोलत नव्हता. त्यानं चार प्रश्न विचारले होते आणि क्लस्टरला सोळांची उत्तरं लागत होती.

कर्णावरची चारही घरं इन्स्टॉलरची. गोरेवाड्याच्या होस्ट्स फाइलमध्ये अंबाझरी जे-एचनं लिहिलं होतं, कोअर-साइटमध्ये झेडनं. सोनेगावच्या फाइलमध्ये फुटाळा पी-एचनं. आणि अंबाझरीच्या फाइलमध्ये सोनेगाव नव्हतंच.

"पण मग अंबाझरीवरून सोनेगाव सुरू कसं होऊन राहिलं?" याच प्रश्नावर मी सगळ्यांना थांबवलं, कारण प्रश्न फार चांगला होता. स्क्रिप्ट एसएसएचनं सोनेगावला जाते, आणि अंबाझरीवर एका मुलीनं सोयीसाठी एसएसएचच्या स्वतःच्या कॉन्फिग फाइलमध्ये सोनेगाव हे टोपणनाव आणि त्यासमोर १९२.१६८.१०.२४ लिहून ठेवलं होतं. ते टोपणनाव फक्त एसएसएचला कळतं, जावाला नाही. म्हणून दार उघडायचं, डेटानोड सुरू व्हायचा, आणि नेमनोडला मात्र सोनेगाव नावाचं कुणी माहीतच नसायचं. एसएसएच चालतं म्हणजे नाव नीट आहे, हा समज मी अनुभवी लोकांमध्येही पाहिलाय.

एक एक करून

आता दुरुस्ती. सगळ्या फाइली एकदम बदलता आल्या असत्या, पाच मिनिटांचं काम. पण परीक्षेत त्यांना विचारणार, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढे नोकरीत रात्री दोन वाजता हाच लॉग समोर येणार. म्हणून एक बदल, एक रीस्टार्ट, लॉग वाचायचा, मग पुढचा बदल.

पहिला बदल: अंबाझरीवरची १२७.०.१.१ ची ओळ काढली. खरी ओळ खाली होतीच. ती नसती आणि नुसती ही काढली असती तर यंत्राला स्वतःचंच नाव कळेनासं होतं, आणि प्रशासक म्हणून कमांड चालवणारं सुडो दर कमांडला होस्टचं नाव सापडत नाही म्हणून कुरकुरतं. नेमनोड पुन्हा सुरू केला. एसएसमध्ये पोर्ट ९००० समोर आता १९२.१६८.१०.२१. लाइव्ह नोड दोन: अंबाझरी, या वेळी खऱ्या पत्त्यासह, आणि फुटाळा. खोलीत टाळ्या वाजल्या.

गोरेवाडा अजून बाहेर. त्याच्या लॉगमध्ये नकार नव्हता, अननोन होस्ट होतं. या दोन तक्रारींतला फरक मी सगळ्यांना मोठ्यानं वाचायला लावला. अननोन होस्ट म्हणजे नावाचा पत्ताच मिळाला नाही, पाऊल घराबाहेर पडलंच नाही. कनेक्शन रिफ्यूज्ड म्हणजे पत्ता मिळाला, तिथपर्यंत पोचलो, पण त्या दारात कुणी ऐकत नाही. आणि काहीच उत्तर न येता वाट पाहून वेळ संपली, टाइमआउट, तर पत्ता भलत्याच किंवा बंद यंत्राचा, नाहीतर मध्ये फायरवॉलनं निरोप गिळलाय. फायरवॉल बंद करण्यात त्यांची एक अख्खी दुपार गेली होती. लॉगमध्ये रिफ्यूज्ड होतं, टाइमआउट नव्हतं. फायरवॉल नकारही देऊ शकते, पण आधी ऐकणारा कुठे बसलाय ते पाहायला हवं होतं.

गोरेवाड्याच्या फाइलमध्ये जे-एचचा झेड केला, तिथला डेटानोड पुन्हा सुरू केला. लाइव्ह नोड तीन.

सोनेगावनं आता तक्रार बदलली होती. आधी तोही नकाराचीच ओळ छापत होता. आता लिहिलं होतं की नेमनोडनं संवाद नाकारला, कारण होस्टनेमचा उलगडा होत नाही. मुलगा वैतागला, "अजून नवीन एरर." मी म्हटलं, ही आनंदाची गोष्ट आहे. एरर बदलली म्हणजे आपण एक दार ओलांडलं.

इथे नाव उलट्या दिशेनं विचारलं जातं. डेटानोड नोंदणीला आला की नेमनोड त्याचा आयपी पाहतो आणि त्यावरून नाव शोधतो. नाव सापडलं नाही तर नोंदणी नाकारतो. ही तपासणी मूळ सेटिंगमध्ये चालू असते. ती बंद करा असा सल्ला सर्रास मिळतो. आपल्या क्लस्टरला कोण जोडलं जातंय ते नावानिशी कळावं म्हणून ती आहे, आणि चार यंत्रांच्या लॅबमध्ये एक ओळ लिहिणं ती बंद करण्याहून सोपं आहे. अंबाझरीच्या होस्ट्स फाइलमध्ये सोनेगावची ओळ घातली. गेटएंटला नावाऐवजी १९२.१६८.१०.२४ देऊन पाहिलं, सोनेगाव असं उत्तर आलं. सोनेगावचा डेटानोड पुन्हा सुरू केला. लाइव्ह नोड चार.

उरलेली चुकीची घरं त्या दिवशी त्रास देत नव्हती. डेटानोड मूळ सेटिंगमध्ये सगळ्या पत्त्यांवर ऐकतो, त्यामुळे कामकऱ्यांवरचा १२७.०.१.१ त्याला आडवा येत नाही. सोनेगावला फुटाळा नावानं माहीत नसलं तरी डेटानोड एकमेकांना ब्लॉक पाठवताना सहसा आयपी वापरतात. तरी तीही दुरुस्त केली. आज गप्प बसलेली चूक यार्न चालू केल्याच्या दिवशी बोलते.

चारही फाइली हातानं सुधारण्याऐवजी एकच फाइल अंबाझरीवर लिहिली आणि एससीपीनं तिघांना पाठवली. तिच्यात लोकलहोस्टसाठी १२७.०.०.१ ची ओळ आणि मग चार नावं, चार खरे पत्ते, बस. ही पद्धत इंटरनेटहूनही जुनी आहे. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटच्या काळात सगळ्या यंत्रांची नावं एकाच होस्ट्स फाइलमध्ये असायची, ती कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधलं केंद्र सांभाळायचं आणि बाकीचे तिथून उतरवून घ्यायचे. यंत्रं वाढली, फाइल आवरेना, म्हणून १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. चार यंत्रांना फाइल पुरते. चाळीस झाली तर लॅबनं स्वतःचा छोटा डीएनएस ठेवावा, असं मॅडमना सांगून ठेवलं.

नावांबद्दल आणखी दोन गोष्टी सांगितल्या, कारण ते पुढे नावं बदलणार होते. नावात अंडरस्कोर नको. लिनक्स चालवून घेतो, पिंगही होतं, पण जावा तसं नाव पत्त्यातलं होस्ट म्हणून ओळखत नाही, आणि हडूप होस्ट-पोर्ट वैध नाही म्हणून सुरूच होत नाही. आणि नावामागे डॉट लोकल नको. ते शेपूट मल्टिकास्ट डीएनएससाठी, म्हणजे सर्व्हरशिवाय शेजारच्या यंत्रांनाच नाव विचारण्याच्या पद्धतीसाठी, राखीव आहे. डेस्कटॉप उबुंटूवर अशा नावाचा शोध वेगळ्या वाटेनं जातो आणि तिथे सापडलं नाही तर नेहमीच्या डीएनएसपर्यंत पोचतच नाही.

पाचवं यंत्र

जेवायला उठायची वेळ झाली आणि मॅडमनी आपल्या विंडोज लॅपटॉपवरून नेमनोडचं पान उघडलं, १९२.१६८.१०.२१, पोर्ट ९८७०. चार नोड दिसले. त्यांनी त्याच पानावरून भावांची एक फाइल चढवायचा प्रयत्न केला. नाही चढली.

सगळ्यांचे चेहरे पडले. पण क्लस्टर ठीक होतं. त्या पानावरून फाइल चढवताना नेमनोड डेटा स्वतः घेत नाही. तो ब्राउझरला सांगतो, फुटाळ्याकडे जा, पोर्ट ९८६४. नाव सांगतो, पत्ता नाही. आणि मॅडमच्या लॅपटॉपला फुटाळा म्हणजे तलाव एवढंही माहीत नव्हतं. क्लस्टरच्या बाहेरचं हे पाचवं यंत्र आमच्या सोळा प्रश्नांत नव्हतं. जो जो क्लस्टरशी बोलतो तो कोष्टकात हवा, ही गोष्ट आम्ही कोष्टक काढताना बोललो नव्हतो, बोलायला हवी होती.

विंडोजचीही होस्ट्स फाइल असते, सिस्टम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरखालच्या ईटीसीत. नोटपॅड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून तिच्यात त्याच चार ओळी घातल्या. सेव्ह करताना नोटपॅडनं मागे टीएक्सटी जोडलं नाही ना ते पाहिलं, कारण जोडलं तर विंडोज त्या फाइलकडे पाहतच नाही. फाइल चढली. मग आम्ही उठलो.

दहा-बारा दिवसांनी, परीक्षा झाल्यावर, त्यांनी पाचवा नोड, सक्करदरा तलावाच्या नावाचा, जोडायला घेतला. मला फक्त फळ्याचा फोटो आला. या वेळी स्क्रिप्ट चालवण्याआधीच कोष्टक भरलं होतं: लॅपटॉप धरून सहा ओळी, पाच नावं, तीस घरं. एकोणतीस घरांत ठीक. गोरेवाड्याच्या ओळीत शेवटच्या नावाखाली गोल केलेला, आणि बाजूला प्रश्न लिहिलेला: "सर, सक्करदरात के एक ठेवायचा का दोन? आम्ही चौघांनी मिळून ठरवून राहिलो."